सोयर, सटवाई आणि धम्म

बौद्ध परंपरेत ज्या दोन बाळंतपणांची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते, ती दोन्ही माहेरच्या वाटेवर झाली. महामाया कपिलवस्तूहून देवदहाला, आपल्या माहेरी निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या वनात सिद्धार्थाचा जन्म झाला आणि सातव्या दिवशी ती वारली. बाळाला वाढवले ते तिच्या बहिणीने, महाप्रजापती गोतमीने. दुसरी पटाचारा, श्रावस्तीच्या सधन घरातली मुलगी. घरच्या नोकराबरोबर ती निघून गेली होती आणि दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तशी माहेरच्या ओढीने चालू लागली. भर पावसात, उघड्यावर ती बाळंत झाली. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा साप चावून मेला, नदी ओलांडताना नवजात बाळ शिकारी पक्ष्याने उचलले आणि थोरले मूल पाण्यात वाहून गेले. जिच्यामुळे बुद्ध जन्माला आला ती आई बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात गेली, ही गोष्ट धर्मकथा म्हणून सगळ्यांना पाठ असते. आरोग्याच्या अंगाने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांत पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत अजून टिकून आहे. या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढे-नाले भरलेले असतात. पूर्वेकडच्या डोंगरातल्या वाड्या किंवा पश्चिमेचा खारेपाट नकाशावर जवळ दिसतात, पण कळा सुरू झालेल्या बाईसाठी ते अंतर कितीतरी वाढते. म्हणून या दोन कथा इथल्या वाचकाला परक्या वाटायचे कारण नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांची आणि त्यांच्या अनुयायांची धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या काळात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या महारवाड्या बौद्धवाड्या झाल्या. या बदलाचा हिशेब आपण सहसा सामाजिक आणि राजकीय खात्यात मांडतो: देव्हारे रिकामे झाले, विहारे उभी राहिली, पोरे शिकली. माझे म्हणणे असे, की याचा एक मोठा हिशेब बाळंतिणीच्या खोलीतही मांडायला हवा. धम्माने त्या खोलीतून दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक विटाळ आणि दुसरी नशीब. या दोन्ही गोष्टी आई आणि बाळ यांच्या जिवावर उठणाऱ्या होत्या. आज वैद्यकशास्त्राने ते कसे घडते हे नेमके दाखवून दिले आहे. मात्र त्या खोलीत वाहन, रक्ताची पिशवी आणि शिकलेली परिचारिका आणून ठेवणे धम्माच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हते, आणि तेवढे झाल्याशिवाय विटाळ आणि नशीब बाहेर काढल्याचे फळ अर्धेच राहते.

आधी विटाळाचे पाहू. घरात मूल जन्मले की सोयर लागते. दहा-बारा दिवस बाळंतिणीला कोणी शिवायचे नाही, तिची भांडी वेगळी, खोली वेगळी, बहुधा घराच्या मागच्या अंगाची, अंधारी आणि खिडकी नसलेली. कोळशाच्या शेगडीची धग आणि धुरी त्याच कोंडलेल्या जागेत. या रीतीत बाईला विश्रांती मिळते असे तिचे समर्थन नेहमी केले जाते आणि त्यात थोडे तथ्य आहे. पण अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव मुख्यतः पहिल्या 24 तासांत होतो, रक्तदाब वाढून येणारे झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात आणि जंतुसंसर्गाचा ताप पहिल्या आठवड्यात चढतो. या तिन्हींत वेळेवर कोणीतरी पाहणे, हात लावणे, कापड किती भिजले हे तपासणे हाच पहिला उपचार असतो. जिला शिवायचे नाही, तिचा ताप कोणाच्या हाताला लागणार? जिचे कपडे अशुभ, तिचा रक्तस्राव कोण मोजणार? विटाळाने आणखी एक नुकसान केले. बाळंतपणाचे काम घाण मानले गेल्यामुळे ते जातीच्या उतरंडीत खालच्या मानलेल्या बाईकडे गेले. त्या सुईणीकडे अनुभव मोठा होता, पण तिला शिक्षण, साबण किंवा उकळलेले पाते द्यावे असे समाजाला कधी वाटले नाही. अपवित्र कामाला स्वच्छता कशाला, असा तो उलटा न्याय होता. ज्या क्षणी स्वच्छतेची सर्वांत जास्त गरज होती, त्याच क्षणाला परंपरेने जुने फडके, नाळेवर राख किंवा शेण आणि कोंदट खोली दिली.

अस्पृश्य मानलेल्या बाईवर हा विटाळ दुहेरी होता, जातीचा आणि बाळंतपणाचाही. तो किती जीवघेणा होता याचा एक लेखी पुरावा बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टरने वस्तीत यायला नकार दिला. मोठ्या मिनतवारीने आणि फी घेऊन तो आला तेव्हा बाळंतिणीला वस्तीबाहेर आणून दाखवावे लागले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने तिला स्पर्श न करता न्युमोनिया सांगितला. ती वाचली नाही. त्या डॉक्टरकडे ज्ञान होते, थर्मामीटर होते, औषध होते. कमी पडला तो स्पर्श. आता महाड आठवा. पेण-रोह्याप्रमाणे महाडही तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच होते. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. सोयर फिटल्यावर बाळंतिणीच्या घरात शिंपडले जाते ते गोमूत्रही याच तर्कातले आहे. माणसाच्या शरीराने वस्तू बाटते आणि गाईच्या शरीरातून निघालेल्याने ती शुद्ध होते, हा एकच सिद्धांत तळ्याला आणि खाटेला लावलेला होता. ज्यांनी महाडला त्याचा एक भाग नाकारला त्यांच्या हाती दुसरा भाग नाकारण्याचे कारणही आपोआप आले. 1956 च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांत बाळंतपणाचा उल्लेख नाही, पण माणसे समान आहेत हे मानणारी आणि ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म न करवण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सोयर फेडायला भटजी लागत नाही. जी फेडायची नाही ती पाळायची तरी कशाला?

बाबासाहेबांना हा विषय पुस्तकातून कळलेला नव्हता. ते स्वतः आई भीमाबाईंचे चौदावे अपत्य. पत्नी रमाबाई आणि त्यांना पाच मुले झाली. त्यांतली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला 1926 मध्ये, महाडच्या आदल्या वर्षी. या दुःखाने त्यांना घडवले असे म्हणणे मी टाळतो, कारण माणसाच्या मनातले असे धागे बाहेरून ओढता येत नाहीत. पण त्यांचे सार्वजनिक काम समोर आहे. जुलै 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे आणि मालकानेही त्यातला वाटा घेणे योग्यच आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये हा कायदा झाला. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण वारंवारच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर झिजते आणि मूल हवे की नको यात तिचे म्हणणे असले पाहिजे, हा विचार त्या काळात सभागृहाच्या पटलावर आला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या केल्या. धम्म स्वीकारण्याच्या जवळजवळ तीन दशके आधीपासून ज्याने बाळंतिणीचा प्रश्न कायद्याचा आणि पैशाचा प्रश्न म्हणून मांडला, त्याने दिलेल्या धम्मात तो प्रश्न पुन्हा दैवाच्या हवाली होऊ शकत नव्हता.

आता सटवाई. पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते. ही पूजा नेमकी याच रात्री का, याचे एक उत्तर रोगाच्या घड्याळात सापडते. नाळ मातीने माखलेल्या विळ्याने कापली, तिच्यावर शेण-राख लावली, की धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरतात. त्यांचे विष चढायला बहुधा सहा ते आठ दिवस लागतात. चांगले दूध ओढणारे बाळ अचानक तोंड उघडेनासे होते, आखडते आणि जाते. जगातल्या अनेक समाजांत या दुखण्याला सातव्या दिवसाचा आजार म्हणत आले आहेत. शिवाय नवजात बालकांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. बायकांनी ही वेळ अचूक टिपली होती. तो धोक्याचा काळ आहे हे त्यांचे निरीक्षण खरे होते. चूक होती ती कारणात. कपाळावर लिहिलेले पुसता येत नाही अशी समजूत झाली, की पात्याकडे पाहायची गरज उरत नाही. धम्माचा गाभा या ठिकाणी थेट उपयोगी पडतो. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, की प्रत्येक गोष्ट कारणांनी घडते आणि कारण हटवले की ती घडत नाही. हे दुःखाबद्दल सांगितलेले तत्त्व असले तरी बाळाच्या मृत्यूला ते लागू होते. गर्भवतीला धनुर्वाताची लस आणि नाळेला स्वच्छ पाते मिळाले, आणि 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. सटवाईच्या लेखातले एक वाक्य देशभर पुसले गेले, ते लशीने आणि पात्याने.

विधीऐवजी उपाय शोधण्याचा हा विचार कोकणाला 1956 मध्येच पहिल्यांदा भेटला असेही नाही. सम्राट अशोकाचा नववा शिलालेख मंगलविधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यातही बायका निरर्थक असे पुष्कळ काही करतात, त्याचे फळ थोडे. खरे मंगल चांगल्या वागणुकीत आहे, असा त्याचा आशय. बायकांना दोष देण्याचा त्यातला सूर मला पटत नाही, कारण ज्यांच्या हातात दुसरे काहीच नव्हते त्यांनी विधीचा आधार घेतला तर नवल काय? पण जन्माच्या प्रसंगी विधी आणि उपाय यांत फरक करा, हे सांगणारा हा लेख आपल्याच किनाऱ्यावर होता. सोपाऱ्याला आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला आणि नवव्याचा तुकडा 1956 मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात सापडला. दुसरा पुरावा रोह्याच्या आणखी जवळचा. रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यात मांदाडच्या खाडीपाशी कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात लेण्याचे दान देणारा सोमदेव नावाचा वैद्य आहे. त्याचे वडील इसिरक्खित हेही वैद्य आणि बुद्धाचे उपासक. लेखात सोमदेवाच्या मुलांची नावे आहेत आणि चार मुलींचीही: इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा. पिढीजात वैद्यकी करणारे घर दान देते आणि मुलींची नावे दगडात कोरून घेते, एवढे तो लेख निश्चित सांगतो. त्यावरून तेव्हाच्या बाळंतपणांबद्दल अनुमान काढणे धाडसाचे होईल. पण औषध आणि धम्म यांचा या खाडीकाठी दोन हजार वर्षांपूर्वी मेळ होता, आणि महावग्गात आजारी भिक्षूला स्वतः अंघोळ घालणाऱ्या बुद्धाने रुग्णसेवेला आपल्या सेवेइतकेच मोल दिले, तो वारसा इथे परका नव्हता.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: बौद्ध धर्मातही कर्मसिद्धांत आहे, रक्षणासाठी सुत्ते म्हणण्याचा परित्राण पाठ आहे, मग नशिबाच्या जागी कर्म आणि पूजेच्या जागी सुत्त आले, बदलले काय? आक्षेप गंभीर आहे, कारण श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत गरोदर बाईसाठी अंगुलिमाल परित्त म्हटले जाते. त्यामागची कथा अशी, की कधीकाळी दरोडेखोर असलेला अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर त्याला अडलेली बाई दिसली आणि बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने सत्याची साक्ष देऊन तिचे आणि गर्भाचे कल्याण चिंतिले. ही कथा श्रद्धेची आहे आणि तिने अडकलेली वार सुटत नाही. पण याच त्रिपिटकात, संयुत्त निकायात, सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले आहे की माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच होते का. बुद्धाने त्याला आठ कारणे सांगितली. त्यांत पित्त आहे, कफ आहे, वात आहे, या तिन्हींचा एकत्र बिघाड आहे, ऋतुबदल आहे, हयगय आहे, इजा आहे आणि शेवटी कर्मही आहे. सगळे कर्मावर ढकलणाऱ्यांना त्याने चूक ठरवले. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माने आजची दुर्दशा ठरते ही समजूत आणखी स्पष्टपणे नाकारली. मेलेल्या मुलासाठी, जिथे कोणी मेलेले नाही अशा घरची मोहरी शोधत फिरलेल्या किसा गोतमीची कथाही या संदर्भात वेगळी वाचता येते. ज्या घरात कोणी मेलेले नाही असे घर आजही सापडणार नाही. पण ज्या घरात मूल गेलेले नाही असे घर शोधायला ती आज रोह्यात निघाली, तर तिची झोळी पहिल्या आळीतच भरेल. 2020 मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू 16 होते. जे एके काळी सर्वांचे अटळ दुःख होते त्यातले कितीतरी टाळण्याजोगे होते, हे आता कळले आहे. राहिला परित्राण पाठ. विहारात गर्भमंगल होते, घरी बौद्धाचार्य येऊन सुत्ते म्हणतात, त्याने बाईला धीर येतो आणि धीराची किंमत वैद्यकशास्त्रही मानते. कळा देताना ओळखीची, विश्वासाची बाई जवळ असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि 2016 पासून सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण असू द्यावी असे केंद्र सरकारचे धोरण आहे. पाठ म्हणायला हरकत नाही. पाठ संपेपर्यंत गाडी थांबवायला हरकत आहे.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो आणि तो अधिक टोचणारा आहे. जन्म हेच दुःख मानणारा आणि नुकत्याच जन्मलेल्या राहुलला सोडून गेलेल्या सिद्धार्थाचा धर्म बाळंतिणीला काय देणार? जुन्या ग्रंथांत स्त्रीच्या देहाबद्दल कठोर उद्गार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संयुत्त निकायाच्या मातुगाम विभागात स्त्रीच्या वाट्याला येणारी आणि पुरुषाला न भोगावी लागणारी पाच दुःखे सांगितली आहेत: तरुण वयात माहेर सोडणे, पाळी, गरोदरपण, बाळंतपण आणि पुरुषाची सेवा. पाळी आणि बाळंतपण यांना इथे दुःख म्हटले आहे, पाप किंवा विटाळ म्हटलेले नाही. दुःखावर उपाय शोधता येतो. विटाळावर फक्त प्रायश्चित्त असते. पसेनदी राजाला मुलगी झाली म्हणून तो खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षा सरस निघू शकते असे बुद्धाने त्याला सांगितल्याचीही नोंद आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 मध्ये देशात पहिला कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गर्भपाताच्या बाबतीत मात्र परंपरा आणि आजचा व्यवहार यांत खरा ताण आहे. भिक्षूंच्या नियमांत, म्हणजे विनयात, गर्भ पाडायला कारण होणारा भिक्षू संघाबाहेर जातो. 1971 चा गर्भपाताचा कायदा आणि 1938 चा संततिनियमनाचा ठराव आईच्या जिवाला आणि तिच्या मताला वजन देतात. माझ्या मते धम्माची करुणा इथे आईच्या बाजूने उभी राहते, कारण असुरक्षित गर्भपाताने दोन्ही जीव जातात. पण हा प्रश्न सोपा आहे असे कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे. बदल धर्माने झाला की सरकारी योजनांनी आणि मुंबईने? रायगडच्या बौद्ध कुटुंबांतला एखादा तरी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत होता. परळला 1926 मध्ये वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले आणि चाकरमान्यांच्या बायका दवाखान्यातल्या बाळंतपणाला सरावल्या. पुढे 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातले बाळंतपण मोफत झाले, 108 ची गाडी आली. महाराष्ट्रात 2018-20 या काळात लाख जन्मांमागे मातामृत्यू 33 वर आले, तेव्हा देशाचा आकडा 97 होता. हे श्रेय कोणत्याही एका धर्माचे नाही. उलट बाजूने पाहिले तरी तेच दिसते. श्रीलंका आणि म्यानमार दोन्ही थेरवादी देश. श्रीलंकेने 1926 मध्ये कळुतर येथे पहिले आरोग्य पथक उभारले, गावोगाव प्रशिक्षित सुईणी नेमल्या, मुलींना मोफत शिकवले, आणि तिथला मातामृत्यूचा दर म्यानमारच्या तुलनेत कितीतरी खाली आला. सुत्ते दोन्हीकडे सारखीच होती. म्हणून धम्म पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. पण मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशिरांची गोष्ट सांगतात: घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर, रुग्णालयापर्यंत पोचायला झालेला उशीर आणि तिथे उपचार मिळायला झालेला उशीर. दुसरा आणि तिसरा सरकारच्या हातात आहे. पहिला घराच्या आत घडतो, तिथे सासूचे, सोयरीचे, सटवाईचे राज्य असते, आणि तिथे योजनेचा कागद पोचत नाही. घरातली बाई शिकलेली असणे हा त्या उशिरावरचा मोठा उतारा आहे. 2011 च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक महाराष्ट्रात होते. देशभरच्या बौद्धांत स्त्रियांची साक्षरता सुमारे 74 टक्के होती, देशाच्या सरासरीपेक्षा नऊ टक्क्यांनी जास्त, आणि हजार पुरुषांमागे 965 स्त्रिया होत्या, जेव्हा देशात 943 होत्या. हे आकडे कारण सिद्ध करत नाहीत. पण ज्या समाजाला पाटी-पुस्तक नाकारले होते त्याने शाळेला धर्माचरण मानले, याचा अंश त्यांत नाही असे म्हणणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आणि तरीही सटवाईची पाचवी गेलेली नाही. अनेक बौद्ध घरांत बुद्धवंदना होते, नामकरण विधी होतो आणि त्याआधी पाचव्या रात्री आजी हळूच पाटा-वरवंटा मांडते. त्यावर वाद घालण्यात मला फारसे हशील दिसत नाही. बाळाला इजा न करणारी पूजा आजीने केली तर केली. इजा करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या बौद्ध घरांतही टिकून आहेत: पहिला चीक पिळून टाकणे, मध किंवा घुटी चाटवणे, जन्मल्याबरोबर बाळाला रगडून अंघोळ घालणे. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे, त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरलेली असतात. घाईच्या अंघोळीने बाळ गार पडते आणि कमी वजनाच्या बाळाला तेवढे गारठणे पुरते. म्हणून अंघोळ निदान एक दिवस पुढे ढकलावी असे सांगतात. राज्यात जवळजवळ 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असूनही जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजली जाणारी बाळे निम्म्याहून थोडीच अधिक आहेत, म्हणजे हा दोष एकट्या घराचा नाही, दवाखान्याचाही आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली आणि तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक खाली आला. त्याच पद्धतीवर 2011 पासून देशभर आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. बाळ दूध ओढते का, तळपाय गार आहेत का, छाती आत खेचली जाते का, हे पाहतात. पाचवीची रात्र तिसऱ्या आणि सातव्या दिवसांच्या बरोबर मध्ये येते. ज्या रात्री सगळे घर बाळाभोवती जागे असते, त्याच रात्री हीच लक्षणे घरच्यांनी पाहिली तर त्या जागरणाला अर्थ येईल.

आणखी एक गोष्ट बौद्धवाडीच्या बाहेरची आहे. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. रस्ता नसल्याने गरोदर बाईला झोळीत घालून खाली आणावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. विटाळ आणि नशीब यांतून जो समाज विचारपूर्वक बाहेर पडला, त्याच्या करुणेची व्याप्ती आपल्या वाडीपुरती असू शकत नाही. मेत्त सुत्तात एकुलत्या एका मुलाला जपणाऱ्या आईची उपमा येते ती सर्व प्राण्यांबद्दल कसे वाटावे हे सांगण्यासाठी. या करुणेला एक अगदी व्यवहारातली जागा आहे, ती म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्ध विहारांत रोज संध्याकाळी लोक जमून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. वाडीतल्या बहुतेक बायका येतात. नेमक्या याच तीन महिन्यांत ओढे भरतात, डोंगरातल्या वाटा तुटतात आणि वडखळच्या नाक्यावर अलिबागकडे निघालेली गाडी अडकून पडते. आषाढी पौर्णिमेच्या वाचनाला बसतानाच, आपल्या आणि शेजारच्या आदिवासी वाडीत पुढच्या तीन महिन्यांत कोणाचे दिवस भरणार आहेत याची यादी आशाताईंकडून घेता येते. कोणाचे हिमोग्लोबिन कमी आहे, कोणाचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले, कोणाला जुळे आहे, हे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते. अशा बाईने दिवस भरायच्या आठ-दहा दिवस आधीच पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयाजवळ नातेवाइकाकडे राहायला यावे, तिच्या रक्तगटाचे दोन रक्तदाते ठरवून ठेवावेत, ओढ्याच्या अलीकडे कोणाची रिक्षा रात्री उभी राहील ते पक्के करावे आणि त्या रिक्षावाल्याचा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा.